अर्थिंगचा तांब्या

अण्णा रोज सकाळी देवांच्या आधी अर्थिंगला पाणी घालायचे. घराच्या मागच्या अंगाला, मोरीच्या भिंतीलगत, शहाबादी फरशीच्या तुकड्याने झाकलेला एक खड्डा होता. फरशी सरकवायची, आत उभ्या रोवलेल्या पाइपात तांब्याभर पाणी बारीक धारेने सोडायचं, ते मुरेपर्यंत तिथेच उकिडवं बसायचं आणि मग देवपूजेला लागायचं, असा त्यांचा क्रम. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी चालत आलेली. तरी देवांना चमचाभर आणि खड्ड्याला तांब्याभर, हा पंक्तिप्रपंच ते उघड उघड करत.

बरं, पाण्याची रेलचेल असती तर कोणी काही बोललं नसतं. पण ते दिवस दुष्काळाचे होते. शहर बीड बायपास ओलांडून शेजारच्या सातारा गावाच्या परिसरात पसरलं होतं, घरं उठली होती, आणि पाणी मात्र मागेच राहिलं होतं. बोअर आटलेले. टँकरचा हॉर्न ऐकू आला की माणसं भरल्या ताटावरून उठायची. अशा दिवसांत एक चांगला जाणता माणूस पाणी जमिनीत ओततो, हे कॉलनीला कसं रुचावं? शेजारच्या शैलाकाकूंनी एकदा भिंतीवरून विचारलंच, "अण्णा, काय पीक घेतलंय म्हणायचं त्या खड्ड्यात?"

"माझ्या वाटचं पाणी हाय," अण्णा म्हणाले. "मी आज आंघोळ केली समजा."

आणि खरोखरच त्या उन्हाळ्यात ते ओल्या पंच्याने अंग पुसण्यावर भागवत.

अण्णा म्हणजे माझे सासरे. छावणीतल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची उभी हयात गेली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच होतो. अण्णा, मी आणि श्रीकांत, माझा नवरा. अण्णांचं बोलणं मोजकं आणि तेही बहुतेक वेळा वस्तूंबद्दल. मिक्सर कुरकुरायला लागला की त्यांना आमच्या आधी कळे. फोन लावायचा झाला की आधी रिसीव्हर कानाला लावून टोन ऐकायचा, मगच नंबर. मोबाइल आला तरी तो आधी कानाला लावायचेच. श्रीकांत हसायचा, "अण्णा, ह्याला टोन नसतो." अण्णा म्हणायचे, "म्हणूनच भरवसा नाय."

श्रीकांत जालना रोडवर अपघातात गेला. सकाळी डबा घेऊन निघाला आणि दुपारी फोन आला. त्याबद्दल मला ह्याहून जास्त लिहिता येत नाही, कारण मला त्या दिवसाचं फार काही आठवतच नाही. मी रडले नाही. आलेल्या बायका एकमेकींना सांगायच्या, "रडवा तिला, नाहीतर धसका घेईल." त्यांनी परोपरीने प्रयत्न केले, श्रीकांतचे शर्टसुद्धा पुढ्यात आणून ठेवले. मी ते घड्या घालून कपाटात ठेवले. पुढे कितीतरी महिने हेच. तव्याला हात लागला तर फोड आल्यावर समजायचं. चहा पिऊन झालाय की करायचाय, हे कप बघून ठरवायचे. दुःख झालं होतं असंही म्हणता येणार नाही. काहीच होत नव्हतं.

माझं माहेर फर्दापूर. लेणी बघायला येणाऱ्यांसाठी दादाचं तिथे लॉज आणि खाली खानावळ. तो दर महिन्याला यायचा, अण्णांसमोर बसायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचा, "वर्षश्राद्ध झालं की चल. वरची खोली तुझी. गल्ल्यावर बसशील, चार माणसांत राहशील. इथं तुम्ही दोघंच, लोकं काय बोलतेत ते तुला कळत नसंल, मला कळतंय." दादाचं चूक नव्हतं. त्याचा जीव तुटत होता. मी हो म्हणून टाकलं होतं, कारण नाही म्हणायला काहीतरी हवं असावं लागतं. ह्या घरातून त्या घरात, एवढाच फरक. अण्णा त्यावर कधी हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. दादा गेला की उठून पंख्याच्या रेग्युलेटरचं काहीतरी करत बसायचे.

आणि एक दिवस जेवताना त्यांनी विचारलं, "तुझं ते नकाशाचं काम येतं का अजून हाताला?"

लग्नाआधी मी एका आर्किटेक्टकडे घरांचे नकाशे काढायचे, कॉम्प्युटरवर, कॅड नावाच्या प्रोग्राममध्ये. म्हटलं, "विसरले नसेन."

"मग कॉम्प्युटर बांधू," अण्णा म्हणाले, आणि ताकाची वाटी तोंडाला लावली. घेऊ नाही, बांधू. जसं काही विटाच रचायच्या होत्या.

त्यानंतर काही आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. म्हणजे अण्णांना नव्हता. ते मासिकं आणायचे, कुणाकुणाला फोन करायचे, आणि संध्याकाळी माझी तोंडी परीक्षा घ्यायचे. "तुझं कॅड एका वेळी किती हातांनी काम करतं?" मला आधी समजेना. मग कळलं, प्रोसेसरमधले कोअर. मी म्हटलं, नकाशा काढताना बहुतेक काम एकच हात करतो, बाकीचे बसून असतात. अण्णांना हे फार आवडलं. "म्हणजे आपल्याला चपळ हात पायजेत. चार आळशी काय करायचे? कचेरीत लई पाहिलेत तसले."

पैठण गेटजवळच्या गल्लीत रफिकभाईंचं दुकान होतं. अण्णांची आणि त्यांची ओळख एक्स्चेंजपासूनची. मी स्कूटरवर मागे बसून गेले, एवढाच माझा सहभाग. रफिकभाईंनी माझ्यापुढे मोठ्या नावाचा प्रोसेसर ठेवला आणि त्याच्याजोगता एक साधा मदरबोर्ड, सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड. अण्णांनी प्रोसेसर बाजूला सारला आणि बोर्ड मागितला. दुसरा. मोठा. रॅमला चार जागा असलेला, पुढच्या पिढीचा प्रोसेसरही ज्यात बसेल असा, आणि वीज जिथून येते तिथे उष्णता काढायला जाड पट्ट्या असलेला.

"अण्णा, सब लोगां प्रोसेसर पूछते," रफिकभाई म्हणाले. "बोर्ड कौन पूछता? इतना बडा बोर्ड लेको उसपे छोटा प्रोसेसर, कायकू?"

"प्रोसेसर उद्या बदलता येतो," अण्णा म्हणाले. "बोर्ड बदलायचं म्हणजे सगळं घर उचकावं लागतं."

मला त्या क्षणी त्या दोघांचाही कंटाळा आला. मी म्हटलं, "अण्णा, साधाच घ्या. उद्यासाठी कशाला? मी इथे असेन का, तेही ठरलेलं नाही."

रफिकभाई उगाचच मागच्या फळीवर काहीतरी शोधायला लागले. अण्णांनी मात्र बोर्ड उजेडात धरला होता. भिंग काढून त्याच्या सॉकेटमधल्या बारीक बारीक पिना ते बघत होते, तांदूळ निवडावेत तशा. मान वर न करता म्हणाले, "तू नसलीस तरी बोर्ड असंल. जिथं जाशील तिथं घेऊन जा. चारही जागा आत्ता भरू नको. उरलेल्या रिकाम्या राहू दे. पण असाव्यात."

त्या बोर्डातली एक पिन त्यांना वाकडी वाटली. रफिकभाई "सीलबंद माल है, अण्णा" म्हणत राहिले, पण अण्णांनी दुसरं खोकं उघडायला लावलं. परत येताना स्कूटरवर मी ते मांडीवर धरलं होतं. एवढं मोठं खोकं आणि वजन काहीच नाही, हे मला चांगलं आठवतं.

जोडणी मागच्या ओट्यावर केली. अण्णांचा नियम असा, की बोर्डाला हात लावण्याआधी अंगातली स्थिर वीज उतरवायची. कोरड्या हवेत ती फार साठते. त्यासाठी अंगणातल्या बोअरच्या लोखंडी पाइपाला हात लावायचा. मी जराशी जागेवरून हलले की "जा, बोअरला हात लावून ये." मी म्हटलं, "अण्णा, त्या बोअरला पाणी कुठंय?" तर म्हणाले, "पाणी नसू दे. जमिनीशी नातं हाय ना."

हात सगळे माझे. अण्णा नुसती बॅटरी धरून. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवून वरची दांडी दाबली की करकर असा आवाज येतो, काहीतरी मोडलं असंच वाटतं. पहिल्यांदा करणाऱ्याचा हात तिथे थांबतोच. मी दांडी सरळ दाबून अडकवली. अण्णा माझ्या हाताकडे बघत होते. "थरथरला नाय," ते म्हणाले. मला वाटलं, शाबासकी आहे. मग हळूच म्हणाले, "थरथरायला पायजे होता."

कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला. तो आतल्या खोलीत ठेवला, कॅड टाकलं, आणि मी जुने नकाशे उघडून बघायला लागले. आणि तिथेच ती गोष्ट झाली. कॉम्प्युटरच्या पेटीच्या मागच्या लोखंडी पत्र्याला माझं बोट लागलं आणि बोटातून मुंग्या आल्या. बारीक झिणझिणी. झटका म्हणावा इतकी नाही. मी बोट काढलं. मग परत लावलं.

हे कसं सांगावं मला कळत नाही, पण खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांत मला लागलेली ती पहिली गोष्ट होती. मी पायातली चप्पल काढली. अनवाणी जास्त लागतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मी स्क्रीनकडे बघत, हात मागे नेऊन पत्र्यावर ठेवून बसले होते. अण्णा केव्हातरी पाणी द्यायला आले आणि दारातच उभे राहिले. त्यांनी माझे उघडे पाय बघितले, मागे गेलेला हात बघितला. मी हात काढून घेतला. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि पेला टेबलावर ठेवून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते कुदळ घेऊन मागच्या अंगणात. घर बांधणाऱ्याने अर्थिंगची वायर कोरड्या मुरमात नुसती खुपसून ठेवली होती. "ह्याला काय अर्थिंग म्हणायचं? ही तर फसवाफसवी हाय." दुष्काळाने तापलेली ती जमीन, कुदळ लागायची नाही. सत्तरीला टेकलेला माणूस दोन दिवस खणत होता, मदतीला कोणाला हात लावू देईना. खोल तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि खडेमीठ भरलं, मध्ये पाइप रोवला. आणि आमच्या ड्रममधून तांब्याभर पाणी घेऊन त्यात ओतलं. मी दारात उभी होते.

"कोरड्या जमिनीत वीज उतरत नाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आणि वाट चुकलेल्या विजेला जायला जागा नसली, की ती माणसातून जाते. एक्स्चेंजला उन्हाळ्यात रोज पाणी घालायचो आम्ही."

मी आत जाऊन बटण सुरू केलं आणि पत्र्याला बोट लावलं. काही नाही. गार पत्रा. मला त्यांचा इतका राग आला! जे काय एवढंसं मला जाणवत होतं, तेही त्यांनी काढून घेतलं असं वाटलं. चांगला दिवसभर राग राहिला, आणि रात्री भाकरी थापताना माझ्या लक्षात आलं की मला राग आलाय.

मग कामं आली. शहर वाढत होतं, साताऱ्यापासून देवळाईपर्यंत प्लॉट पडत होते, आणि पाणी असो वा नसो, माणसाला घर हवंच असतं. माझ्या जुन्या आर्किटेक्टकडून नकाशे यायला लागले. वर्षश्राद्ध झालं तसा दादा गाडी घेऊन आला. मी कॉम्प्युटरपुढे होते. मी म्हटलं, "दादा, सोमवारी एक नकाशा द्यायचाय. तो झाला की बघू." दादा माझ्याकडे बघत राहिला. मग अण्णांकडे बघितलं. अण्णा पेपरात डोकं घालून बसले होते आणि पेपर उलटा होता, हे दादाने मला नंतर फोनवर सांगितलं. तो नकाशा झाला, मग दुसरा आला. दादाने परत विषय काढला नाही.

रोज सकाळी मी कॉम्प्युटर लावायच्या आधी मागे पाणी मुरल्याचा आवाज यायचा. टँकर लांबला, ड्रम तळाला गेला, तरी तो आवाज चुकला नाही. एकदा मी म्हटलं, "अण्णा, एक दिवस नाही घातलं तर काय होईल?" "काय नाय होत," ते म्हणाले. "पण कोणत्या दिवशी होईल ते कळवून येत नाय ना."

पुढे काही वर्षांनी त्या कामातच मिलिंदची ओळख झाली. नाशिकचा, आर्किटेक्ट, कामासाठी घरीही येऊन गेलेला. त्याने लग्नाचं विचारलं ते मी आधी अण्णांना सांगितलं, दादाला नंतर. अण्णा ऐकून मागे गेले. त्या दिवशी खड्ड्यापाशी ते बराच वेळ बसले होते. आत येऊन म्हणाले, "बोर्डाचं खोकं माळ्यावर ठेवलंय. पेटी सगळी खोल, बोर्ड खोक्यातच ने. हिसके बसतात गाडीत." आणि मग, "माणूस चांगला वाटतो. प्रोसेसर विचारला नाय त्यानं, बोर्ड विचारला." मिलिंदने खरं तर काहीच विचारलं नव्हतं. पण अण्णांच्या तोंडून एवढी स्तुती म्हणजे फारच झाली.

आमचं नाशिकचं घर सातव्या मजल्यावर. अण्णांचा दर रविवारी फोन यायचा. मी कशी आहे, सुखात आहे का, असलं त्यांनी एकदाही विचारलं नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "अर्थिंग बघितलं का?" मी चिडवायचे, "अण्णा, सातव्या मजल्यावर जमीन कुठून आणू?" "जमीन खालीच असती," ते म्हणायचे. "वायर पोचली पायजे." त्याच बोर्डावर मी पुढे मोठा प्रोसेसर बसवला, रॅमच्या रिकाम्या जागाही भरल्या, तेव्हा मुद्दाम फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "हात थरथरला का?"

"थरथरला, अण्णा."

"बरं झालं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मग पुन्हा दुष्काळ पडला, पहिल्याहून वाईट. मी म्हणायचे, इकडे या, इथे नळाला पाणी आहे. ते म्हणायचे, "इथं काय कमी हाय? सगळं बेस हाय." आणि एका सकाळी शैलाकाकूंचा फोन आला. अण्णा अंगणातून आत आले, खुर्चीवर टेकले आणि गेले.

आम्ही पोचेपर्यंत दुपार झाली होती. अण्णांच्या पुतण्याने सगळं पाहिलं. त्यांना नेलं आणि आम्ही बायका मागे राहिलो. मला पुन्हा तसंच झालं होतं. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं आणि कुठेच काही लागत नव्हतं. शैलाकाकूंनी माझ्या हातात बादली दिली. "डोक्यावरनं दोन तांबे घे, बास. टँकर परवा यायलाय."

मी मागच्या मोरीकडे गेले. अंगणाची माती भाजून भेगाळलेली. बोअरच्या पाइपावर गंज चढलेला. आणि मोरीच्या भिंतीलगत ती फरशी अर्धवट सरकवलेली, शेजारी तांब्या आडवा पडलेला. खड्ड्यातली माती काळीभोर, ओली होती.

मी काकूंकडे बघितलं.

"रोज," काकू म्हणाल्या. "रोज घालायचे गं. ह्या वर्षी तर आम्हाला प्यायला मिळंना, तरी बी. मी एकदा बोलले, अण्णा, कॉम्प्युटर जाऊन इतकी वर्षं झाली, आता कामून घालता? तर म्हणाले, ती आली कधी आणि इथं लावावा वाटला तर?"

मी खाली बसले आणि त्या मातीवर हात ठेवला. माती गार होती. इतकी गार, की हाताला लागली. आणि मग मी रडले, मोठ्याने, शैलाकाकूंच्या पदराला धरून, अण्णांसाठी, आणि श्रीकांतसाठीही, ज्याच्यासाठी मी त्या घरात एकदासुद्धा रडले नव्हते. काकूंनी मला थांबवलं नाही. त्यांनी बादली जवळ ओढली, पडलेला तांब्या उचलून भरला आणि माझ्या डोक्यावर ओतला. पाणी माझ्या अंगावरून निथळून खड्ड्यात गेलं, आणि ते मुरल्याचा आवाज आला.